दारापर्यंत आलेला टेम्पो

त्या वर्षी पावसाने वाटेचं वरचं वळण नेलं. नेलं म्हणजे पुसूनच टाकलं. काल जिथे चार माणसं टेकून पाणी पीत होती, तिथे सकाळी नुसती लाल माती आणि खाली घसरलेली झुडपं. डोंगराची ती पायवाट सरकारने राखीव ठरवलेली होती. तिच्यावर पायांनी चालायचं, चाक न्यायचं नाही. लांबलांबची माणसं पाठीला पिशव्या लावून, हातात काठ्या घेऊन यायची आणि घाम पुसत वर जायची. गावातल्या लोकांना त्यांचं हसू यायचं. धडधाकट माणसं, पदरचा पैसा खर्चून दमायला येतात, म्हणायचे.

वाटेची डागडुजी करणाऱ्या माणसाला गाव मिस्त्री म्हणे, आणि त्याच्या बायकोला मिस्त्रीणबाई. त्यांचं घर गावाच्या वर, वाटेच्या तोंडाशी होतं. घराच्या पुढे दोन उभे दगड होते. तिथून राखीव वाट सुरू व्हायची. गावकमिटीकडे दर वर्षी वाटेसाठी म्हणून पैसा यायचा आणि त्यातून या दोघांची मजुरी निघायची.

या वर्षी पैसा आला असं कुणी सांगितलं नव्हतं, नाही आला असंही कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, वळण तर धरायला पाहिजे, पुढचा पाऊस थांबायचा नाही. म्हणून दोघं रोज उजाडता वर जायची. तो पहारीने दगड हलवायचा, ती घमेल्यातून बारीक दगडी चिपा आणायची. सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड बसवायचा आणि मधल्या फटीत चिप ठोकायची. चिप घट्ट बसली की आवाज बदलतो. तो आवाज आला की मिस्त्री पुढच्या दगडाकडे वळायचा, नाही आला तर दगड काढून पुन्हा फिरवायचा. दुपारपर्यंत तिच्या मानेत कळ यायला लागायची. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा थंडीत मिटायचा नाही, म्हणून तो हातोडी चार बोटांनीच धरायचा. यावर दोघांत बोलणं व्हायचं नाही. ती फक्त उतरताना पहार त्याच्याकडून काढून आपल्या खांद्यावर घ्यायची.

घरात सासूबाई होत्या. त्यांचे गुडघे गेले होते, जीभ मात्र जागेवर होती. दवाखान्यात न्यायचं म्हणजे त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. गावापासून घरापर्यंतची वाट तेव्हा इतकी अरुंद होती की खुर्ची धरणाऱ्यांना आडवं चालावं लागे आणि म्हातारीचे पाय बाजूच्या दरडीला घासत. एकदा घोट्याची सालं निघाली. ती खुर्चीतून म्हणाली, "दगड नेताना बरा जपून नेतोस रे. मला दगडच समज."

मिस्त्रीणबाईच्या ते जिवाला लागलं. ती नवऱ्याच्या मागेच लागली, की वरची वाट सरकारची, तिला हात लावू नकोस; पण गावापासून आपल्या दारापर्यंतची तरी रुंद कर. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना माणूस चालला पाहिजे. मिस्त्रीने आदल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा त्यात घातला. वाटेच्या खालच्या अंगाला बांध घातला, वरच्या अंगाला दरड कोरून भिंत चढवली. शेवटच्या वळणावर तर त्यांचं अंगणच त्या भिंतीवर टेकलेलं होतं, म्हणून तिथे त्याने मोठे दगड निवडून बसवले. त्यासाठी कुणाला विचारलं नाही आणि कुणाकडे मजुरी मागितली नाही. वनरक्षक येऊन बघून गेला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, मिस्त्री, हे माझ्या नातवंडांनासुद्धा पुरेल. त्या दिवशी मिस्त्रीणबाईला जेवण दोन घास जास्त गेलं.

पाऊस संपून महिना झाला असेल. मिस्त्री वर कामाला गेला होता. सासूबाईंना ताप होता म्हणून ती घरी थांबली होती. तेव्हा खालून दोन माणसं येताना दिसली. एकाच्या हातात फीत, दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. पुढचा इंजिनीअर होता. तरुण, सभ्य, बुटांना चिखल लागला की दगडावर घासून पुढे यायचा. त्याने पाणी मागितलं. तिने पाण्याबरोबर चहाही ठेवला.

तो भिंतीकडे बघत होता. बघणारं माणूस तिला लगेच ओळखू यायचं. पुष्कळ जण नुसते बघितल्यासारखं करतात. हा खाली बसला, दोन दगडांमधल्या फटीत बोट घालून पाहिलं, आणि विचारलं, हे काम कुणाचं?

"आमचंच," ती म्हणाली. "माझ्या माणसाचं."

तो म्हणाला, फार पक्कं आहे. याच्यावरून गाडीसुद्धा जाईल.

आता खरं म्हणजे इथे तिने गप्प बसायचं. पण नवऱ्याला कुणी चांगलं म्हणालं की ती वाहवत जायची. पुन्हा असं चांगलं म्हणणारं माणूस वर्षातून एखादंच भेटायचं. ती म्हणाली, "जाईल काय, गेलीये. आमच्या छपराचे पत्रे टेम्पोतनं आणले. दारापर्यंत आला टेम्पो."

टेम्पो आला होता, तेवढं खरं. पण तो शेवटच्या वळणाच्या अलीकडेच थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून घाम पुसत म्हणाला होता, बाई, मला लेकरं आहेत. तिथून पुढे पत्रे डोक्यावरून आणले होते, त्यात मिस्त्रीचा कान कापला होता. वळणापासून दारापर्यंत हाकेचं अंतर. तेवढंच तिने आपल्या पदरचं घातलं. सगळ्या गावाला ती असंच सांगत आली होती, आणि सांगून सांगून तिला स्वतःलाही टेम्पो दारात उभा दिसायला लागला होता.

इंजिनीअर हसला. त्याने सोबतच्या माणसाला फीत धरायला सांगितली. जाताना कप स्वतः विसळून ठेवला. ती खूश होती. संध्याकाळी मिस्त्री आल्यावर तिने सांगितलं, की एक साहेब येऊन तुझी भिंत मोजून गेला. तो हातावर पाणी घेत म्हणाला, कशाला मोजली? ते तिने विचारलंच नव्हतं.

ते वनरक्षकाकडून कळलं. तो वर कामाच्या जागी आला, मिस्त्रीच्या शेजारी बसला आणि बराच वेळ बूट सोडून पुन्हा बांधत राहिला. मग एकेक सांगायला लागला. त्यांच्या घराच्या पलीकडचं पठार शहरातल्या हॉटेलवाल्यांनी घेतलं होतं. राखीव वाटेला अगदी खेटून, पण जमीन खाजगी, त्यामुळे वनखात्याला बोलता येत नव्हतं. तिथे मोठं हॉटेल होणार. रस्ता, पाण्याची लाइन आणि दिवे मात्र गावकमिटीच्या पैशातून होणार. पैसा कुठून, तर यंदाचा वाटेचा आला होता तो, आणि त्यात पुढच्या काही वर्षांचा उचल म्हणून घेतलेला.

"असं कसं चालेल?" मिस्त्री म्हणाला. "राखीव वाटेजवळ सरकारी पैशातनं नवा रस्ता करता येत नाही. तूच सांगितलंस मला."

वनरक्षक म्हणाला, नवा करता येत नाही. असलेला रुंद करता येतो. त्यांनी कागदावर असं दाखवलंय की गाडीरस्ता आधीपासून आहे. गावाच्या सभेत त्याचा ठराव व्हायचाय.

मिस्त्रीणबाई घमेलं घेऊन उभी होती. ते खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. मिस्त्रीने विचारलं, कोण म्हणतं गाडीरस्ता आहे? वनरक्षकाने तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, इंजिनीअरने मोजलाय, रुंदी बसते. बाकी मला माहीत नाही. पण त्याला माहीत असावं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन-चार दिवसांत तिने नवऱ्याला सांगायचं पुष्कळदा ठरवलं. सकाळी चूल पेटवताना ठरवायची, चढताना ठरवायची. पण तो सारखा एकच म्हणत होता, की सभेत उभा राहून विचारतो, दाखवा तुमचा गाडीरस्ता, कुणाची गाडी चाललीये त्याच्यावरून. जन्मात चारचौघांत न बोललेला माणूस दगड बसवता बसवता तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होता. त्याचं ते पुटपुटणं ऐकलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

सभेच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. गावकमिटीचा अध्यक्ष तोच होता. येताना सासूबाईंसाठी सफरचंदं आणली होती. मिस्त्रीला तो दाजी म्हणायचा आणि कधी उलटून बोलला नव्हता. आजही बोलला नाही. म्हणाला, दाजी, हॉटेल होणारच आहे, मी नको म्हटलं तरी. मग त्यातून गावाला रस्ता मिळत असेल तर काय वाईट? पोरांना काम लागेल. आणि म्हातारीचा विचार करा. अँब्युलन्स दारात येईल.

"येईल का रे खरंच?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मग कर लवकर. मी काय तुझ्या सभेसाठी थांबून राहणार नाही."

सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा हसला. मग म्हणाला, "हॉटेल त्यांचं आहे. नफा त्यांचा आहे. रस्त्यावरनं गाड्याही त्यांच्याच येणार. मग पैसा वाटेचा का? त्यांनी त्यांच्या पैशानं करावा, मी दगड फोडून देतो. फुकट देतो."

भाऊ सफरचंद पुसत राहिला. म्हणाला, ते करणार नाहीत, दाजी. रस्ता दिला तरच येतो म्हणाले.

"मग नका येऊ म्हणावं."

"असं म्हणता येत नाही," भाऊ म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे खोल गेले होते, झोप न झालेल्या माणसासारखे. बहिणीने त्याला दारापर्यंत सोडलं. तिथे ती म्हणाली, माझ्याकडनं त्या साहेबाशी बोलताना जरा चुकलंय. भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, अक्का, तू नको काळजी करू, सगळं व्यवस्थित होईल. आणि टॉर्च लावून उतरून गेला. तिला जे सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बाकं मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. मागच्या भिंतीपाशी बायका. मिस्त्रीने धुतलेला सदरा घातला होता. नखांतली माती मात्र निघाली नव्हती, म्हणून हात मांडीखाली धरले होते. हॉटेलवाल्यांचा एक माणूस पुढे बसला होता, तो सगळ्यांना नमस्कार करत होता. त्याने चित्र दाखवलं. चित्रात हिरवळ होती, दिवे होते, आणि कडेला एक पांढरी रेघ होती. ती म्हणजे वाट, असं तो म्हणाला. आमचे पाहुणे वाटेवरूनही फिरतील.

मिस्त्री उभा राहिला. त्याने जुळवलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. वरचं वळण वाहून गेलंय. पैसा आला तो वाटेसाठी. खाजगी हॉटेलच्या रस्त्याला गावाचा पैसा देऊ नये. आणि तिथे गाडीरस्ता नाहीच, पायवाट आहे, मी बांधलीये, मला माहीत आहे. बोलून झाल्यावर त्याला खाली बसायचं कळेना. खोलीत कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. एका म्हाताऱ्याने मान हलवली. एवढ्या वेळात एवढंच काय ते त्याच्या बाजूने झालं.

इंजिनीअर उठला. तो आजही सभ्यच होता. म्हणाला, मिस्त्रींचं काम मी पाहिलं आहे, त्याच्याबद्दल आदरच आहे. पण रुंदी गाडीरस्त्याची भरते आणि वाहन गेल्याचंही सांगण्यात आलं. त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं, टेम्पो दारापर्यंत येतो म्हणून.

मागच्या बायकांत खसखस पिकली. शेजारीण मिस्त्रीणबाईच्या कानाशी म्हणाली, घे, वर्षभर टेम्पो टेम्पो करत होतीस, आला बघ टेम्पो.

नवऱ्याने मान वळवून मागे पाहिलं. रागाने नाही. बांधताना एखादा दगड हातात फिरवून, हा कुठे बसेल म्हणून तो पाहायचा, तसं. तिला उठून म्हणायचं होतं, वळणापर्यंत आला, वळणापर्यंतच. पाय उठेनात. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला तिने आपल्या तोंडाने टेम्पो दारात आणून दाखवलेला होता.

अध्यक्ष म्हणजे तिचा भाऊ टेबलामागे उभा होता. त्यालाही हे संपवायचं होतं. तो हळूच म्हणाला, "दाजी, तुम्हीच सांगा. नसेल आला टेम्पो तर तसं म्हणा, मी कागद परत पाठवतो. अक्का खोटं बोलली का?"

मिस्त्री तिच्याकडेच बघत होता. कापलेल्या कानाचा व्रण लाल झाला होता. टेम्पो कुठे थांबला ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. एक शब्द बोलायचा होता त्याने. ती मनात म्हणत होती, बोल, माझं काही होऊ दे, बोल.

"नाही," तो म्हणाला. "ती खोटं बोलत नाही."

आणि खाली बसला.

त्यानंतर ती उठली. पण आता टेम्पो वळणावर थांबला म्हणायचं म्हणजे नवऱ्याला गावापुढे खोटं पाडायचं. ती तशीच उभी राहिली, भिंतीला हात लावून. हात वर करा, असं भाऊ म्हणाला. हात वर झाले, पुढच्या बाकांपासून मागपर्यंत. त्यात काही हात नाखुशीचे होते, तेही मोजले गेले. मिस्त्रीचे हात मांडीखालीच होते.

घरी जाताना दोघं नव्या रुंद वाटेने शेजारी शेजारी चालत होती. तशी चालता येत होती. तिने विचारलं, का रे असं बोललास? तो म्हणाला, तुझं तोंड बघवेना. वळणाशी आल्यावर ती रडली. तो थांबला, तिचं होईपर्यंत उभा राहिला, मग दोघं वर गेली. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी विचारलं, झाला का ठराव? झाला म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं बाई.

रस्ता खोदायचं मशीन आलं तेव्हा गवत वाळलं होतं. वरच्या वळणाचं काम अर्धंच झालं होतं, आणि वनरक्षकाने तिथे आडवी दोरी बांधून वाट बंद असल्याची पाटी लावली होती. चालणारे पाटीपर्यंत यायचे, फोटो काढायचे आणि परत जायचे. काही दिवसांनी येईनासे झाले.

मशीनने खालचा बांध सहज उचलला. शेवटच्या वळणावर मात्र कामावरचा मुकादम घरी आला. रस्त्याला इथे जास्त रुंदी पाहिजे होती, म्हणजे अंगणाखालची भिंत मागे घ्यायची. मिस्त्री बाहेर येऊन बघून म्हणाला, मशीन लावू नका, अंगण खाली येईल, मागोमाग घर येईल. वरून एकेक दगड उतरवत मागची माती धरून घ्यावी लागेल. मुकादम म्हणाला, आमच्याकडे असलं काम करणारं कुणी नाही. थांबला, आणि म्हणाला, तुम्ही करणार असाल तर रोजंदारी देतो. बाईंना पण देतो.

मिस्त्री आत गेला. तिला वाटलं, तो पडून राहील, नाही म्हणेल. तो पहार आणि हातोडी घेऊन बाहेर आला. ती म्हणाली, दुसरं कुणीतरी करेल. तो म्हणाला, "दुसऱ्याकडनं घर पडेल."

तिने घमेलं घेतलं. मग ती दोघं आपली भिंत उतरवायला लागली. चिप आधी सैल करायची, मग दगड. चिपा निघता निघेनात, इतक्या चांगल्या बसल्या होत्या. मिस्त्री एकेकीला ठोकत होता आणि मधूनच हातोडी थांबवून अंगठा चोळत होता. वरच्या थरांत मुंग्या होत्या, एक सुकलेलं घरटं होतं. दगड काढला की मागची माती थोडी सुटायची, मग तो वाकून तिथे फळी दाबायचा आणि ती खुंटी ठोकायची. मशीनचा ड्रायव्हर इंजिन बंद करून विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, बाबा, असलं बांधकाम मी कधी तोडलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, मी पण नाही.

हॉटेलवाल्यांची एक गाडी आली, रस्ता अडलेला म्हणून खालीच उभी राहिली. आतल्या माणसाने काच खाली करून किती वेळ लागेल म्हणून विचारलं. मुकादम धावत गेला, आणि परत येऊन म्हणाला, जरा भरभर हात उचला. मिस्त्रीने हात उचलला.

ऊन कलताना तळाचा थर उरला. मधोमध सगळ्यांत मोठा दगड होता, दोघांनी पहार घातली तरी तसूभर हलेना. तिच्या तळव्याचं कातडं सोललं. ड्रायव्हर उठून म्हणाला, बाबा, आता वरचं काही नाही, मी घेतो हा. मिस्त्री बाजूला झाला. मशीनने जबडा खाली आणला, दगडाखाली घातला आणि दगड वर गेला, मातीची ढेकळं गाळत, घराच्या छपराइतका उंच. खाली राहिलेल्या खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं.

ड्रायव्हरने वरून ओरडून विचारलं, "बाबा, कुठं टाकू?"

मिस्त्रीने वर पाहिलं, खाली पाहिलं. खाली गाडी उभी होती. वर घर होतं, घराच्या दारात खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. पलीकडे हॉटेलची जमीन, तिला नवीन तार. आणि दोन उभ्या दगडांच्या पुढे राखीव वाट, तिच्यावर चाक न्यायची परवानगी नव्हती.

ड्रायव्हर थांबला होता. इंजिन धडधडत होतं. त्याने पुन्हा विचारलं.

मिस्त्री तिच्याकडे वळला. "तू सांग," तो म्हणाला. "मला जागा दिसत नाही."

तिने तोंड उघडलं, आणि तिलाही दिसेना.